'तार्त्युफ'चं आजचं घर: टेबलाचा प्रश्न कसा सुटला

फ्रेंच नाटककार मोलिएरचं 'तार्त्युफ' हे धार्मिकतेचं ढोंग करून ऑर्गाँच्या घरात शिरलेल्या माणसाचं नाटक. ते आजच्या काळात आणायचं ठरलं, तेव्हा नेपथ्याचं पहिलं चित्र काचेच्या भिंती असलेल्या पॉश फ्लॅटचं होतं. दिसायला देखणं, पण हे नाटक लपण्यावर उभं आहे. तिसऱ्या अंकात ऑर्गाँचा मुलगा दामिस आडून ऐकतो. चौथ्या अंकात ऑर्गाँ टेबलाखाली शिरतो आणि त्याची बायको एल्मीर तार्त्युफचं ढोंग उघडं पाडायला त्याला बोलतं करते. काचेच्या घरात हे व्हायचं कसं?

म्हणून रंग, फर्निचर सगळं बाजूला ठेवलं आणि संहितेतून फक्त कोण कुठे लपतं, कुठून येतं, कुणाला काय दिसायला नको, एवढंच काढलं. मग १:२५ मापाचं पुठ्ठ्याचं मॉडेल केलं.

टेबल मात्र सहज सुटलं नाही. चारी बाजूंनी कापड सोडलं तर ऑर्गाँचा चेहरा जातो, आणि माझ्या मते खरी गंमत त्या चेहऱ्यातच आहे. एल्मीर खोकून खुणावते, तरी हा बाहेर येत नाही! शेवटी प्रेक्षकांकडची बाजू उघडी ठेवून उरलेल्या तीन बाजू लाकडी फळ्यांनी बंद केल्या. मॉडेलमध्ये प्रेक्षकांच्या कडेच्या खुर्च्यांच्या जागेवरून दोरा ताणून पाहिला. चेहरा झाकला जात होता, म्हणून टेबल मागे सरकवलं आणि आत एक लहानसा दिवा बसवला.

काच फक्त मागच्या भिंतीत राहिली. तार्त्युफ तिसऱ्या अंकापर्यंत येतच नाही, त्यामुळे काचेमागून त्याचं येणं फार छान दिसतं. वेशभूषा साधीच, रोजचे कपडे.