क्रूझवरून पोंपेई, आपलं आपण

भूमध्य समुद्राच्या क्रूझला निघालेल्या आमच्या भिशीतल्या बायका मला हमखास विचारतात, इटलीत नेपल्सला जहाज लागलं की पोंपेईला, म्हणजे ज्वालामुखीने गाडलेल्या त्या जुन्या रोमन शहराला, आपलं आपण जाता येईल का? येईल की! पार्ल्याहून रोज फोर्टात नोकरीला गेलेल्या बायकांना त्यात काय अवघड? फक्त हिशोब उलटा मांडायचा, परतीच्या वेळेपासून मागे.

समजा जहाज संध्याकाळी 6 ला सुटतंय. सगळ्यांनी आत असण्याची वेळ साधारण 5.30. मी म्हणते, 3.30 ला नेपल्सला परत या, म्हणजे पोंपेई 2.30 च्या आत सोडायचं. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं, आपल्यासाठी नाही. मग पुढचं बंदर स्वखर्चाने गाठा. मनगटावरचं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा, मोबाइलवर विसंबू नका.

व्हिसाचं इथेच बघून घ्या. मार्गात तुर्कस्तान किंवा ट्युनिशिया असेल तर युरोपचा शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच, म्हणजे बाहेर पडून पुन्हा आत येऊ देणारा हवा. पोंपेईचं तिकीटही घरबसल्या काढा. नोव्हेंबर 2024 पासून दिवसाला 20,000 माणसांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, त्यामुळे ओळखपत्र जवळ ठेवा. मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत.

बंदराजवळच्या म्युनिचिपिओ स्टेशनवरून मेट्रोने गारिबाल्डी, तिथून चिर्कुमवेझुवियाना ही तिथली लोकल गाडी. बसायला जागा हवी असेल तर गारिबाल्डीच्या आधीचं पोर्ता नोलाना गाठा, ते या गाडीचं चर्चगेट. पाटीवर ‘सोरेंतो’ बघूनच चढा. पर्स पोटाशी धरा, खिसेकापूंसाठी ही गाडी प्रसिद्ध आहे. साधारण 40 मिनिटांत ‘पोंपेई स्कावी – विल्ला देई मिस्तेरी’ येतं. ‘पोंपेई सांतुआरियो’ हे दुसऱ्याच मार्गावरचं स्टेशन, नावाला फसू नका. उतरलात की पोर्ता मरीना हे प्रवेशद्वार दोन पावलांवर.

शहर 66 हेक्टरचं, त्यातला एक तृतीयांश भाग अजून मातीखालीच. सगळं बघायचा हट्ट नको. आधी फोरम, म्हणजे गावाचा मुख्य चौक. समोर उभा दिसतो तो व्हेसुव्हियस ज्वालामुखी, इसवी सन 79 मध्ये यानेच गाव गाडलं. मग व्हिया देल्लाब्बोंदान्झा या मोठ्या रस्त्याने निवांत चाला. दगडात पडलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या, रस्ता ओलांडायला ठेवलेले उंच दगड, गरम जेवण विकणाऱ्या दुकानांचे ओटे आणि त्यांत बसवलेले रांजण. बेकरीतली दगडी जाती आणि भट्टी तर चुकवूच नका, मी तिथून हलायलाच तयार नव्हते. अॅम्फीथिएटर पार दुसऱ्या टोकाला आहे, गुडघे कुरकुरत असतील तर खुशाल सोडा. सावली जवळजवळ नाहीच. टोपी आणि पकड असलेले बूट हवेत. पिण्याच्या पाण्याचे नळ मात्र आहेत, रिकामी बाटली न्या.

इटलीत गाड्यांचे संप नवे नाहीत, आदल्या रात्री बातमी बघा. संप असला तर पोंपेईचा नाद सोडा आणि नेपल्समधलंच पुरातत्त्व संग्रहालय गाठा. मेट्रोचं ‘मुझेओ’ स्टेशन दाराशीच आहे. पोंपेईची भित्तिचित्रं नि मोझाइक तिथेच ठेवलीत. आणि शृंगारिक वस्तूंच्या ‘गुप्त दालना’त 1938 साली पोंपेईत सापडलेली हस्तिदंती ‘लक्ष्मी’ आहे. काही अभ्यासक तिला यक्षी मानतात. तशाच धाटणीच्या मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. संग्रहालय मंगळवारी बंद असतं, तेव्हा जहाज कोणत्या वारी लागतंय ते बुकिंगच्या वेळीच बघून ठेवा.