सोयाबीनवर फवारणी चालू आहे, मग बाटली आणि डायरी दोन्ही जवळ ठेवा

इंदूर जिल्ह्यात सांवेर, देपालपूर, महू सगळीकडे आता इल्ली (अळी) आणि चक्रीभुंग्यासाठी दवाई मारणं चालू आहे, आणि ह्याच दिवसांत कोणाला चक्कर आली, उलटी झाली तर लोक म्हणतात ऊन लागलं, लिंबू सरबत प्या अन् झाडाखाली पडा. असं करू नका हो. प्रोफेनोफॉससारखी दवाई कातडीतूनही अंगात जाते, त्रास कधी कधी काही तासांनी, घरी गेल्यावर सुरू होतो. खूप घाम, तोंडातून लाळ, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक, छातीत घरघर, हातपाय फडफडणं, ह्यातलं काही दिसलं की पंप तिथंच खाली.

आधी माणसाला शेताबाहेर मोकळ्या हवेत आणा, कपडे-बूट काढा, साबण आणि भरपूर पाण्यानं अंग, केस धुवा, नखं विसरू नका. डोळ्यात गेलं असेल तर १५ मिनिटं नुसतं स्वच्छ पाणी. धुणाऱ्यानं हातमोजे घालायचे, नाहीतर तोही आजारी पडेल. दूध, तूप, मिठाचं पाणी पाजू नका, बोटं घालून उलटी काढू नका. शुद्ध नसेल तर एका कुशीवर झोपवा, आणि हे करतानाच कोणीतरी १०८ लावा.

आता बाटली. ती पेशंटबरोबर दवाखान्यात गेलीच पाहिजे, नीट बंद करून पिशवीत. डॉक्टरला नाव कळलं तर अ‍ॅट्रोपिन हा प्रोफेनोफॉससारख्या विषावरचा उतारा द्यायचा की नाही हे लवकर ठरतं, कारण तो सगळ्या विषांवर चालत नाही, आणि पॅराक्वाटसारख्या तणनाशकावर तर उताराच नाही. लेबलवरचा त्रिकोण बघा, लाल सगळ्यात घातक, मग पिवळा, निळा, हिरवा. एम्सचा विषबाधा नंबर १८००-११६-११७ फोनमध्ये सेव्ह करा.

आणि लिहा! दवाईचं नाव, बॅच नंबर, कशात काय मिसळलं, किती पंप झाले, वारा कुठून होता, कितीला सुरू केलं, पहिला त्रास कितीला. वेळ डोक्यात ठेवू नका, गडबडीत सगळं विसरतं, म्हणून लेबलचा फोटो लगेच काढा म्हणजे वेळही नोंदली जाते. दुकानाचं बिल सांभाळा. विषबाधेत दवाखाना पोलिसांना कळवतो, त्याला घाबरून कितीतरी लोक सांगतच नाहीत, पण खरं म्हणजे नोंद असली तरच फवारताना झालं हे दाखवता येतं, नाहीतर विष घेतलं का हाच पहिला संशय, घरच्यांना किती त्रास होतो त्याचा! २०१७ मध्ये यवतमाळला कापसावर फवारताना २० हून जास्त माणसं गेली, तेव्हा कुठे त्याची चर्चा झाली. नुसती चक्कर येऊन बरं वाटलं तरी कृषी विस्तार अधिकाऱ्याला सांगा, एकाच दवाईच्या दोन-तीन तक्रारी आल्या तर सॅम्पल घ्यायला त्यांना आधार मिळतो.

डायरीच्या पहिल्या पानावर पंप मारणाऱ्या मजुराच्या घरचा मोबाइल नंबर आजच लिहून ठेवा.