प्रोबायोटिक घेताय? या चुका टाळा

पोट बिघडलं की हाताला लागेल ती प्रोबायोटिकची कॅप्सूल घ्यायची आणि फरक पडला नाही की ‘प्रोबायोटिक म्हणजे थोतांड’ म्हणून मोकळं व्हायचं! पण प्रोबायोटिक हे काही एका औषधाचं नाव नाही. कामं वेगवेगळी करणारे जिवंत, उपयोगी जंतू या एकाच लेबलाखाली विकले जातात, त्यामुळे बहुतेक चुका निवडीतच होतात.

डब्यावर नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ वाचून थांबू नका. पुढची अक्षरंही वाचा, कारण ती त्या जंतूचा नेमका वाण सांगतात. ‘लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी’ आपल्या केसासारख्या तंतूंनी आतड्यातल्या श्लेष्म्याला चिकटून राहतो. त्याच प्रजातीच्या दुसऱ्या वाणाला हे जमेलच असं नाही. बायफिडोबॅक्टेरियम मुख्यतः मोठ्या आतड्यात तंतुमय पदार्थांवर जगतात आणि आम्लं तयार करतात. ती आम्लं काही रोगजंतूंना मानवत नाहीत. बॅसिलस क्लॉसाय बीजाणूंच्या, म्हणजे टणक कवचातल्या सुप्त रूपात पोटात जातो, म्हणून जठरातल्या आम्लाला पुरून उरतो. सॅकरोमायसिस बुलार्डी तर बॅक्टेरिया नव्हेच, ते यीस्ट आहे.

हा शेवटचा फरक अँटिबायोटिक चालू असताना कामाला येतो. अँटिबायोटिक आणि बॅक्टेरियाची कॅप्सूल एकाच घोटाबरोबर घेतली, तर त्यातले बरेच जंतू वाया जातात. दोन्हींत किमान 2 तासांचं अंतर ठेवा. यीस्टला अँटिबायोटिकची भीती नाही, पण बुरशीविरोधी औषध चालू असेल तर तेही मरतं.

कॅप्सूल उघडून गरम पेयात मिसळणं हीसुद्धा नेहमीची चूक, कारण उष्णतेने त्यातले बरेच जंतू मरतात.

मोठ्या आकड्यालाही भुलू नका. 50 अब्ज जंतू 10 अब्जांपेक्षा पाचपट गुणकारी नसतात. ज्या वाणाचा ज्या मात्रेत अभ्यास झाला, ती मात्रा महत्त्वाची. शिवाय तो आकडा उत्पादनाच्या दिवशीचा आहे की मुदत संपेपर्यंतचा, तेही पाहा.

हे जंतू बहुधा आतड्यात कायमचे वस्तीला राहत नाहीत. घेणं थांबवलं की काही दिवसांत ते विष्ठेतून दिसेनासे होतात. त्यामुळे ‘एकदा कोर्स केला, आता वर्षभर निश्चिंत’ हा हिशेब चुकीचा. सुरुवातीला थोडे गॅस झाले तर घाबरायचं कारण नाही. ताप आला किंवा शौचातून रक्त पडलं, तर मात्र कॅप्सूल बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रतिकारशक्ती फार कमी असलेले रुग्ण, मोठ्या शिरेत नळी घातलेले रुग्ण आणि मुदतीआधी जन्मलेली बाळं यांना प्रोबायोटिक परस्पर देऊ नये. अशांच्या बाबतीत हेच जंतू क्वचित रक्तात शिरून गंभीर संसर्ग करतात.