ओपन सोर्स प्रकल्पासाठी कोकणात स्वयंसेवक जमवताना: तयारीची यादी

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो असं सॉफ्टवेअर. त्यासाठी स्वयंसेवकांचं शिबिर घ्यायचं तर सगळ्यात आधी तारीख, आणि कोकणात ती पावसाकडे बघूनच ठरवावी लागते. जून ते सप्टेंबर शिबिर नको. एक फांदी तारांवर पडली की अख्ख्या वाडीची वीज जाते आणि मोबाइलचा टॉवर बॅटरी टिकेल तेवढाच चालतो. गणपतीत चाकरमानी गावी येतात, त्यांत मुंबई-पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करणारेही असतात. त्यांच्याशी ओळख करून घ्यायला, मार्गदर्शक म्हणून शब्द घ्यायला तो काळ उत्तम, पण लॅपटॉप घेऊन बसायला कोणी मोकळं नसतं. शिमग्यात पालख्या घरोघर फिरत असताना तर विचारूच नये. परीक्षा वगळल्या की जानेवारी-फेब्रुवारीतले रविवार हाती उरतात. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ किंवा सावंतवाडीत एसटी स्टँडजवळची जागा धरा आणि वेळ दहा ते चार एवढीच ठेवा. आडगावाकडच्या मुलीची शेवटची गाडी चुकली तर तिला पुढच्या शिबिराला घरून पाठवणार नाहीत.

आमंत्रण देण्याआधी प्रकल्पाचं घर आवरा. परवान्याची फाइल प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमध्ये आहे का ते बघा. परवाना नसेल तर कोड सगळ्यांना दिसत असला तरी तो वापरायची, बदलायची मुभा कायद्याने कोणालाच मिळत नाही. रीडमी फाइलमध्ये हे सॉफ्टवेअर कोणासाठी आहे आणि काय करतं ते पहिल्या चार ओळींत आलं पाहिजे. कॉन्ट्रिब्यूटिंग फाइलमध्ये कोड उतरवण्यापासून चाचण्या चालवण्यापर्यंतची प्रत्येक आज्ञा जशीच्या तशी लिहा. मग चार जीबी रॅमचा, विंडोजवर चालणारा जुना लॅपटॉप घ्या, ज्याने हा प्रकल्प कधी पाहिलेला नाही अशा माणसाला त्यावर बसवा आणि शेजारी गप्प बसून राहा. तो जिथे अडेल ती प्रत्येक जागा म्हणजे फाइलमधली राहिलेली ओळ. अर्ध्या तासात प्रकल्प चालू होत नसेल तर तारीख पुढे ढकला. नवी माणसं सर्वांत जास्त इथेच गळतात, आणि गळालेला माणूस कारण सांगायला परत येत नाही.

विंडोजवरची एक हमखास अडचण ओळींच्या शेवटांची: ओळ संपल्याची खूण विंडोज वेगळी घालतं. कोडमधल्या बदलांची नोंद गिट हे साधन ठेवतं. गिट-अ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये मजकुराच्या फाइलींसाठी ऑटोची ओळ (* text=auto) नसेल तर एका शब्दाच्या दुरुस्तीत अख्खी फाइल बदललेली दिसू शकते. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, वैतागतो, आणि नव्या माणसाला आपलं काय चुकलं तेच कळत नाही.

इंटरनेटच्या भरवशावर राहू नका. वीस जणांनी प्रत्येकी तीनशे एमबी उतरवायचं म्हटलं तर सहा जीबी होतात आणि एका हॉटस्पॉटवर दुपार तिथेच संपते. पूर्ण रेपॉझिटरी (प्रकल्पाचा कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास), लागणारी पॅकेजं आणि डॉकरची इमेज (प्रकल्प चालवायला लागणारं सगळं एकत्र बांधलेली फाइल) चार-पाच पेनड्राइव्हवर आधीच भरून ठेवा. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, कारण फॅट-३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. पेनड्राइव्हवरून क्लोन (कोडची प्रत) केल्यावर ओरिजिनचा, म्हणजे बदल जिथे पाठवायचे त्या जागेचा, पत्ता बदलून प्रत्येकाच्या स्वतःच्या फोर्ककडे (ऑनलाइन असलेल्या स्वतःच्या प्रतीकडे) वळवायचा, हे फळ्यावर लिहून ठेवा. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरची खाती घरूनच उघडून, ईमेल पडताळून यायला सांगा. गिटमध्ये घातलेला ईमेल आणि खात्याचा ईमेल एकच आहे ना, तेही बघा. वेगळा असेल तर काम स्वीकारलं जातं, पण प्रोफाइलवर दिसत नाही. पहिल्याच वेळी असं झालं की माणूस हिरमुसतो.

आता कामं, आणि इथे कंजूषपणा नको. माणशी दोन कामं तयार ठेवा, म्हणजे वीस जणांना चाळीस. प्रत्येक कामात कोणती फाइल, आता काय होतं, काय व्हायला हवं, कसं तपासायचं आणि अडल्यास कोणाला विचारायचं हे लिहा. 'गुड फर्स्ट इश्यू' (नवख्यांसाठी सोपं काम) ही खूणचिठ्ठी लावून खाली एकच ओळ सोडली तर ते काम जाणकारालाच जमतं. सगळी कामं कोडची नसावीत. कोणी कळवलेला दोष आपल्या मशीनवर पुन्हा घडवून बघणं, दस्तऐवज सुधारणं, मराठी भाषांतर, ही खरी कामं आहेत. भाषांतरासाठी शब्दावली आधी ठरवा. 'दऱ्या'मधला अर्धा र सगळ्यांनी एकाच पद्धतीने टाइप करायचा हेही ठरवा. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो, डोळ्यांना सारखाच दिसतो आणि शोध मात्र फसतो. कामाचं वर्णन, शंका मराठीत लिहिल्या तरी चालतील असं स्पष्ट सांगा. इंग्रजीच्या धास्तीने गप्प राहणारी हुशार मुलं त्यामुळे बोलती होतात.

टी-शर्टचं आमिष दाखवू नका. डिजिटलओशन कंपनीच्या हॅकटोबरफेस्ट या ओपन सोर्स उपक्रमात २०२० साली टी-शर्टसाठी निरर्थक बदलांचा एवढा पूर आला की ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिलाय त्यांच्यापुरताच तो उपक्रम ठेवावा लागला.

शिबिरात पाच जणांमागे एक मार्गदर्शक हवा. पण त्याहून महत्त्वाचा पुढचा आठवडा. मेंटेनरांपैकी दोघांनी तो मोकळा ठेवलाच पाहिजे, आणि ते जमणार नसेल तर शिबिर घेऊच नये. आलेल्या बदलाला पहिलं उत्तर अठ्ठेचाळीस तासांत जावं, मग ते 'पाहिलं, शनिवारी नीट तपासतो' एवढंच का असेना. गिटहबवर नव्या माणसाच्या पहिल्या पुल रिक्वेस्टच्या (बदल स्वीकारण्याच्या विनंतीच्या) स्वयंचलित चाचण्या बहुधा मेंटेनरने मंजुरी दिल्याशिवाय सुरूच होत नाहीत. ती मंजुरी कोण देणार, हे नावानिशी ठरवा. दुरुस्त्या सांगताना एका वेळी दोन-तीनच सांगा. त्याचा बदल बाजूला सारून स्वतःच्या नावाने नवा लिहू नका. अगदीच लिहावा लागला तर सहलेखक म्हणून त्याचं नाव कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) घाला.

पहिलं काम स्वीकारलं त्याच दिवशी दुसरं सुचवा, जरा मोठं आणि त्याच भागातलं. तीन-चार चांगली कामं झाली की ट्राएजचा अधिकार द्या, म्हणजे खूणचिठ्ठ्या लावता येतील, जुने इश्यू (नोंदवलेले दोष, कामं) बंद करता येतील. कोड थेट मिसळण्याचा अधिकार मात्र सावकाश द्या. २०२४ मध्ये फाइली आवळणाऱ्या एक्सझेड या साधनात सापडलेला चोरदरवाजा हे त्याचं कारण. दमलेल्या एकट्या मेंटेनरचा विश्वास दोनेक वर्षांत मिळवून सहमेंटेनर झालेल्या खात्यानेच तो घातला होता. कामाचा भार दोघा-तिघांत वाटलेला असला की घाईने किल्ल्या देण्याची वेळ येत नाही.

जुने इश्यू आपोआप बंद करणारा बॉट चालू असेल तर पावसाळ्यात तो थांबवा किंवा मुदत नव्वद दिवस करा. जुलैत महिनाभर गप्प असलेली मुलगी काम सोडून गेलेली नसते, तिच्याकडे वीज नसते. घेतलेल्या कामाची मुदत एरवी चौदा दिवस ठेवा, ती संपली की आधी विचारा आणि मगच काम दुसऱ्याला द्या.

शेवटच्या सत्राच्या मुलांशी मार्चमध्येच बोलून घ्या. निकालानंतर बरेच जण मुंबई-पुण्याला नोकरीला जातात आणि पहिले सहा महिने त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यांच्याकडची कामं, पासवर्ड, सर्व्हरची माहिती मे संपायच्या आत खालच्या वर्गातल्या कोणाकडे तरी लेखी सोपवून घ्या. पुढच्या गणपतीत ते गावी येतील तेव्हा भेटायला बोलवायच्या यादीत त्यांची नावं आत्ताच लिहून ठेवा.