सपाट रस्त्यावरची ऑली: आमच्या गावातल्या पोट्ट्यांसाठी

पोट्टेहो, ऑली म्हणजे हात न लावता स्केटबोर्डासकट मारायची उडी. ती शिकायला स्केटपार्क लागत नाही. अमेरिकन स्केटर रॉडनी मलन फ्लोरिडात, शेतावरच्या घराच्या गॅरेजात तासन्‌तास सराव करायचा. ऑली मुळात ॲलन गेलफँड या स्केटरची, पण उतरत्या भिंतींवरची. मलनने 1982 साली ती सपाट जमिनीवर आणली, पुढच्या वर्षी किकफ्लिप, म्हणजे उडीत पायाने बोर्डाला गिरकी देणं. आजचं स्ट्रीट स्केटिंग त्यावरच उभं आहे, म्हणून मी मलनला फार मानतो.

जागा म्हणजे ग्रामपंचायतीसमोरचा सिमेंट रस्ता. आधी खराट्याने गिट्टी झाडा. बारीक खडा चाकाखाली आला की बोर्ड जागीच थांबतो अन् माणूस पुढे जातो. उन्हाळ्यात सकाळीच या.

सुरुवात थांबलेल्या बोर्डावर. मागच्या पायाचा चवडा शेपटीवर, म्हणजे बोर्डाच्या मागच्या टोकावर; पुढचा पाय पुढच्या बोल्टांच्या (चाकांचा सांगाडा बोर्डाला धरणाऱ्या) थोडा मागे. गुडघे वाकवा. शेपटी टक्‌कन आपटा अन् त्याच क्षणी उडी घ्या. आवाज दबका आला तर पाय शेपटीवर रेंगाळला समजा. खरी गोम पुढे आहे: पुढच्या बुटाची बाहेरची कड ग्रिपटेपवर (बोर्डावरच्या खरखरीत पट्टीवर) घासत पुढच्या टोकाकडे न्या, तेव्हाच मागची चाकं वर येतात. उतरताना पाय बोल्टांवर, गुडघे सैल.

करंगळीजवळ बूट फाटतोच. तिथे आधीच चामड्याचा तुकडा शिवून घ्या.