इम्युनोग्लोब्युलिनची तपासणी: रक्त द्यायला जाण्याआधी

इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे रक्तातली, आजाराशी लढणारी प्रथिनं, अर्थात अँटिबॉडी. त्यांची तपासणी लिहून दिली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: उपाशीपोटी यायचं का? आयजीजी, आयजीए, आयजीएम हे त्यांचे मुख्य प्रकार, एवढंच मोजायचं असेल तर सहसा उपास लागत नाही. मात्र आदल्या रात्री फार तेलकट-तुपकट खाऊ नका. ही मोजणी बऱ्याच लॅबमध्ये सॅम्पलमधून प्रकाश सोडून, तो किती विखुरला किंवा किती अडला यावरून होते. चरबीमुळे सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) दुधाळ झालं की यंत्राचा हिशेब चुकू शकतो. त्याच चिठ्ठीवर उपाशीपोटीची साखरही असेल, तर उपास तिच्यासाठी पाळायचा. पाणी मात्र प्या, शीर लवकर सापडते.

पोटापेक्षा मोठी तयारी कागदांची. चालू औषधं आठवून सांगण्याऐवजी त्यांची चिठ्ठी किंवा पाकिटंच पिशवीत टाका. स्टेरॉइड, फिट्सवरची फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन यांनी पातळी खाली येऊ शकते. काही कर्करोगांवर आणि संधिवातावर देतात त्या रिटुक्सिमॅबचा परिणाम तर शेवटच्या डोसनंतर कित्येक महिने रेंगाळतो, त्यामुळे ‘ते केव्हाच बंद झालं’ म्हणून गाळू नका. तपासणीसाठी कुठलंही औषध आपल्या मनाने थांबवायचं नाही. फक्त सांगायचं. गेल्या काही महिन्यांत रक्त किंवा प्लाझ्मा चढवला असेल, लघवीतून प्रथिनं जात असतील, जुलाब हटत नसतील, दिवस गेले असतील, तर हेही फॉर्मवर येऊ द्या. आयजीजी कमी दिसलं की शरीर ते बनवतच नाही की बनलेलं वाहून जातंय, हा डॉक्टरांपुढचा पहिला पेच असतो, आणि तो अशा नोंदींवरूनच सुटायला लागतो.

शिरेतून इम्युनोग्लोब्युलिनचे डोस चालू असतील त्यांनी तारखेकडे नीट लक्ष द्यावं. बाहेरून दिलेलं आयजीजी साधारण 3 आठवड्यांत निम्मं होतं. पातळी पाहायची ती सर्वांत खाली असताना, म्हणजे पुढचा डोस लावण्याच्या अगदी आधी. डोस घेऊन दोन दिवसांनी रक्त दिलंत तर आकडा झकास येईल, पण तो औषधाचा असेल. त्वचेखाली नियमित घेणाऱ्यांची पातळी बरीच स्थिर राहते, तरी मागच्या डोसची तारीख आणि मात्रा लिहाच. उपचार अजून सुरू व्हायचे असतील, तर हिपॅटायटिससारख्या आजारांच्या अँटिबॉडी-तपासण्या आधी उरकायच्या आहेत का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. ते औषध हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून बनतं. त्यांच्या अँटिबॉडी तुमच्या सॅम्पलमध्ये दिसल्या की तुम्हाला कधीच न झालेला आजार कागदावर उमटू शकतो.

फॉर्म घरीच एकदा वाचा. अ‍ॅलर्जीसाठीचं एकूण आयजीई बहुधा वेगळं लिहावं लागतं, प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिसही (रक्तातली प्रथिनं विजेच्या साहाय्याने वेगवेगळी करून पाहणं). लसीला शरीर कसं उत्तर देतं ते पाहायचं असेल, तर पहिलं सॅम्पल लसीआधी आणि दुसरं साधारण 4 आठवड्यांनी द्यायचं असतं. मध्येच कुठे लस टोचून घेऊन मोकळं होऊ नका. यादीत क्रायोग्लोब्युलिन दिसलं तर लॅबला आधी फोन कराच. थंडाव्याने ही प्रथिनं गोठून खाली बसतात आणि सीरम वेगळं करताना गुठळीबरोबर निघून जातात, म्हणून ती ट्यूब पहिल्यापासून 37 अंश सेल्सिअसवर ठेवावी लागते. घरी रक्त न्यायला येणाऱ्याच्या साध्या बॅगेतून ते जमत नाही.

बाळाची तपासणी असेल तर नुसतं ‘1 वर्षाखाली’ लिहून भागत नाही. जन्मतारीख लिहा, आणि बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल तर कितव्या आठवड्यात, तेही. आईकडून आलेलं आयजीजी ओसरत जातं आणि 3 ते 6 महिन्यांच्या सुमारास पातळी तळाला असते. हा आकडा मोठ्यांच्या रेंजशी ताडून पाहिला तर घरात उगाच घबराट.

प्रत्यक्ष रक्त देताना फारसं काही नसतं. सैल बाहीचा कपडा, पोचल्यावर 10-15 मिनिटं शांत बसणं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल किंवा सुई पाहून भोवळ येत असेल तर आधी सांगा, आडवं झोपवून घेतात. दंडाचा पट्टा मिनिटभराच्या वर आवळून राहिला तर प्रथिनांचे आकडे फुगतात, त्यामुळे शीर सापडत नसेल तर ‘पट्टा एकदा सोडा’ म्हणायला संकोच नको. ट्यूबवर आपलं नाव आपल्यासमोर चिकटवलेलं पाहूनच खुर्ची सोडा.

जुने रिपोर्ट बरोबर ठेवा आणि जमेल तोवर एकच लॅब धरा. लॅब बदललीच तर आकड्याआधी एकक वाचा: 9.5 ग्रॅम प्रति लिटर आणि 950 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही एकच पातळी आहे.