चिनी कामकरी स्त्रियांचे जुने फोटो : फोटोखालच्या ओळी लिहिताना या चुका टाळा

ट्रॅक्टरवर बसलेली, विजेच्या तारांवर चढलेली, कावडीने माती वाहणारी चिनी बाई. फोटो कुठलाही असो, खाली ओळ ठरलेली : ‘सांस्कृतिक क्रांती, १९६६’. ही चीनचा नेता माओ याने १९६६ मध्ये सुरू केलेली राजकीय मोहीम, पण यातले कितीतरी फोटो तिच्या आधीचे किंवा नंतरचे असतात.

कपड्यांवरून साल ठरवणे. सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होते. निळा सदरा, ढगळ पँट आणि दोन वेण्या १९५२ मध्येही होत्या, १९७५ मध्येही होत्या. म्हणून कपडे सगळ्यात शेवटी बघा. आधी प्रिंटची मागची बाजू स्कॅन करा. छोटी प्रिंट असेल तर पुढची बाजू १२०० डीपीआयवर (इंचाला १२०० ठिपके) घ्या, म्हणजे मागच्या भिंतीवरची अक्षरे वाचता येतील. मग ती अक्षरे चिनी भाषा येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. ‘जनता कम्यून’ (सामूहिक शेतीची संस्था) असेल तर फोटो १९५८ च्या आधीचा नाही. ‘ताचायकडून शिका’ (ताचाय हे आदर्श म्हणून गाजवलेले खेडे) असेल तर १९६४ किंवा नंतरचा. ‘क्रांतिकारी समिती’ची (सांस्कृतिक क्रांतीतल्या स्थानिक सत्तेची) पाटी १९६७ पासून पुढे. ‘चांडाळ चौकडी’चा (माओची पत्नी च्यांग छिंग आणि तिचे तीन साथीदार) धिक्कार असेल तर ऑक्टोबर १९७६ नंतरचा. छातीवर माओचा ठसठशीत बिल्ला असेल तर १९६६ ते १९७१ च्या आसपास बघा. त्या लाटेनंतर बिल्ले झपाट्याने कमी झाले. उजवीकडून डावीकडे लिहिलेली आडवी पाटी बहुधा जुन्या वळणाची असते, पण जुन्या पाट्या वर्षानुवर्षे भिंतीवर राहतात. त्यामुळे एका खुणेवर विसंबू नका. किमान दोन जुळवा.

इमेज सर्चमध्ये मिळालेली ओळ हा पुरावा नव्हे. एकाने चूक केली की पुढचे पन्नास जण तीच उतरवतात, आणि घाईतल्या नवख्याला वाटते की पन्नास साक्षीदार मिळाले.

डावे-उजवे उलटून छापलेला फोटो. अक्षरे तपासा. पण ‘काम’, ‘मोठा’, ‘मध्य’ यांची चिनी अक्षरे आरशातही जवळजवळ तशीच दिसतात. फक्त तीच दिसत असतील तर निकाल देऊ नका.

प्रत्येक ट्रॅक्टरवाली ‘पहिली महिला ट्रॅक्टरचालक’. तो मान ल्यांग च्युनचा. हैलुंगच्यांग प्रांतातली, १९४८ मध्ये ट्रॅक्टर शिकलेली. १९६० साल छापलेल्या एक युआनच्या नोटेवरची ट्रॅक्टरचालक तिच्यावरून काढली असे मानले जाते, पण ते चित्र आहे, फोटो नव्हे. तसेच ‘लोहकन्या’. हे नाव १९६३ च्या पुरानंतर ताचायमध्ये राबलेल्या मुलींच्या तुकडीमुळे गाजले. १९५० च्या फोटोखाली ते लिहू नका.

मांडलेला आणि खोटा यांत गल्लत. ऑगस्ट १९५८ मध्ये ‘पीपल्स डेली’ने हूपे प्रांतातल्या माछंगचा फोटो छापला. भाताच्या लोंब्यांवर मुले उभी, आणि दावा असा की एका मूत, म्हणजे जेमतेम साडेसहा गुंठ्यांत, अठरा टनांहून जास्त भात आला. प्रत्यक्षात अनेक शेतांतले तयार भात उपटून एका तुकड्यात खोचले होते, आणि मुलांच्या पायाखाली बाकडे होते. हा खोटा फोटो, आणि त्याच हंगामातल्या फोटोंकडे संशयानेच बघायला हवे.

पण त्यामुळे बायकांचा प्रत्येक फोटो ‘प्रचार’ म्हणून झटकून टाकणे हा आळस आहे. फोटोग्राफरने उभे केले, हसायला सांगितले, म्हणून काम खोटे ठरत नाही. खांद्याकडे बघा. कावडीची काठी जिथे घासते तिथे कापड आधी विरते. १९५४ पासून सुती कापड कूपनावर मिळे, त्यामुळे तिथे ठिगळ लावत. ठिगळ दिसले तर बाई रोज ओझे वाहत असावी. शेणखताच्या टोपल्यांशेजारी कोऱ्या कपड्यांतली बाई दिसली तर मात्र थांबा.

आणि ‘स्त्रीपुरुष समान’ असे लिहिण्याआधी कामाचे गुण आठवा, म्हणजे कम्यूनमध्ये ज्यांवर मोबदला ठरे ते. पुरुषाला दिवसाचे १०, बाईला बहुतेक गावांत ६ ते ८. घरी गेल्यावरचा स्वयंपाक आणि रात्री शिवलेले कापडी जोडे यांना गुण नव्हते आणि बहुधा फोटोही नाहीत.

आपोआप रंग भरणे. करू नका. यंत्र अंदाजाने रंग चढवते, आणि कपडे मुळात करडे होते की हिरवे हा प्रश्नच दडून जातो.

१९४९ ची, म्हणजे चिनी लोकगणराज्याच्या स्थापनेची, रेघ विसरणे. डॉ. कोटणीसांच्या पत्नी, परिचारिका क्वो छिंगलान यांचे युद्धकाळातले फोटो मराठीत वारंवार वापरले जातात. तो प्रदेश कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेच्या ताब्यातला होता, पण चिनी लोकगणराज्य अजून जन्मले नव्हते. फोटोत कोटणीसही असतील तर ओळीत ‘जपानविरोधी युद्ध, १९४२ किंवा त्याआधी’ असे लिहा, कारण ते ९ डिसेंबर १९४२ रोजी वारले. त्याच्या पुढे तारीख जाऊच शकत नाही.